मेणबत्तीच्या मधोमध खड्डा का पडतो?

दिवाळीतल्या अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या आमच्या घरी कधी टाकत नाहीत, डब्यात जमा होतात. यावेळी म्हटलं सगळ्या वितळवून एक मोठी करूया. पातेल्यात पाणी, पाण्यात जुना डबा, डब्यात मेण, मग जुन्या वाती आणि काजळी गाळून काढली आणि स्टीलच्या ग्लासात नवी वात उभी धरून ओतलं. ओतलं तेव्हा एकदम सपाट. दोन-तीन तासांनी बघते तर वातीभोवती बोट जाईल एवढा खड्डा! आई म्हणाली, कमी ओतलं असशील. पण कडेला मेण जवळपास तिथपर्यंतच होतं, बसलं होतं ते फक्त मधे.

तर होतं असं की मेण थिजताना आकसतं, आणि थोडंथोडकं नाही, साधारण 10 टक्के तरी. म्हणजे 200 मिली ओतलं तर चारेक चमचे जागा रिकामी होणारच. मेणबत्तीचं मेण असतं पॅराफिन, म्हणजे कार्बनच्या लांबलचक साखळ्या, एकेकीत साधारण 20 ते 40 कार्बन. वितळलेल्या असताना त्या ऐसपैस वळवळत असतात, थंड झाल्या की लोकलमधल्या चौथ्या सीटसारख्या खेटून बसतात. साजूक तूप थिजतं तेव्हा पण बरणीत मधे खळगा पडतो बघा, तेच हे. उलटं वागतं ते पाणी, गोठलं की 9 टक्के फुगतं, म्हणून बर्फ तरंगतो, आणि घट्ट मेणाचा तुकडा मात्र वितळलेल्या मेणात तळाशी जातो.

पण मग खड्डा मधेच का? कारण मेणातून उष्णता फार हळू जाते. ग्लासाला टेकलेलं मेण आधी थिजतं, वरची साय पण धरते, आणि वातीजवळचं सगळ्यात शेवटी, तोवर कडा घट्ट झालेल्या असतात, त्यामुळे जी काही तूट येते ती सगळी मधल्याच्या वाट्याला. कधी कधी साय खाली खचतच नाही, वरून छान दिसतं आणि आत पोकळी, हे जास्त वाईट, कारण पेटवल्यावर वितळलेलं मेण अचानक आत उतरतं. आणि मी काय केलं होतं, लवकर व्हावी म्हणून फॅन फुल ठेवलेला 😅 त्याने साय अजून लवकर धरते. फ्रिजमध्ये ठेवणं तर त्याहून वाईट, तडे जातात.

उपाय सोपा आहे पण वेळ साधावी लागते. थोडं मेण बाजूला राखून ठेवायचं. साय धरली की विणायच्या सुईने वातीभोवती तीन-चार खोल भोकं पाडायची, नीट थंड होऊ द्यायचं आणि मग राखलेलं मेण पहिल्यापेक्षा किंचित जास्त गरम करून ओतायचं, म्हणजे जुन्याला धरतं. पहिल्यांदा ओतलेल्या मेणाच्या पातळीच्या वर मात्र जायचं नाही, कारण मेणबत्ती आकसून ग्लासापासून सुटलेली असते, त्या फटीत नवं मेण उतरतं आणि मग ती बाहेरच येत नाही. म्हणजे बघा, खड्डा पाडतं तेच आकसणं मेणबत्ती साच्यातून सोडवतं पण. सप्टेंबरात वांद्र्याला मोत माउलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) जत्रेत नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, घरं मिळतात, साच्यातल्या अशा वस्तू सुटून येतात त्याला हेच आकसणं कामी येतं.

डबा थेट गॅसवर ठेवू नका प्लीज. मेण 60 अंशांच्या आसपास वितळतं, पाण्यातल्या डब्यात ते 100 च्या वर जात नाही, पण थेट आचेवर 200 च्या पुढे गेलं की वाफा पेट घेऊ शकतात. पेटलंच तर पाणी अजिबात नाही, त्याची क्षणात वाफ होते, 1700 पट जागा घेते आणि जळतं मेण ओट्यावर उडतं. गॅस बंद, झाकण टाका, बस. आणि उरलेलं मेण मोरीत ओतू नका, पाइपमध्ये जाऊन थिजतं.

बूड वाकडं असेल तर कोमट तव्यावर बटर पेपर टाकून मेणबत्ती उभी धरून हळू फिरवायची, दोन मिनिटांत सपाट होते. मी पेपर टाकला नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या पोळ्यांना लॅव्हेंडरचा वास.