हवेतला एक सेकंद: सिमोन बाइल्सच्या कारकिर्दीमागचे गतिशास्त्र

मराठवाड्यात विहिरीवर पोहायला शिकलेल्या कोणालाही हे अनुभवाने ठाऊक असते की, काठावरून कोलांटी घेताना गुडघे छातीशी आवळून मुटका केला की अंग झरकन फिरते आणि पाय लांबवले की फिरणे मंदावते. अमेरिकी जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिची ऑलिंपिकमधील ११ पदके, त्यांतली ७ सुवर्ण, याच नियमाच्या आधारे मिळवलेली आहेत; तिच्या पायाखाली मात्र पाणी नसते.

पाय जमिनीवरून सुटल्यावर शरीराचा कोनीय संवेग जवळजवळ स्थिर राहतो. हा संवेग म्हणजे फिरण्याचा वेग आणि जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्यातील बदलाला शरीराचा होणारा विरोध, यांचा गुणाकार. वस्तुमान अक्षापासून जितके दूर पसरलेले, तितके आघूर्ण मोठे, आणि ताठ शरीराच्या मानाने मुटक्यात ते सुमारे तीन-चार पटींनी घटते. बाइल्सची उंची १.४२ मीटर आहे. तशाच बांध्याच्या, पण १.७० मीटर उंचीच्या व्यक्तीचे आघूर्ण जवळपास अडीच पट भरेल, कारण ते उंचीच्या पाचव्या घाताने वाढते, तर स्नायूंची ताकद साधारणपणे वर्गानेच. जिम्नॅस्ट बहुधा बुटके का असतात, याचे बरेचसे उत्तर या हिशेबात आहे.

उंची कमी असली तरी उडी मात्र उंचच लागते. हवेत एक सेकंद राहायचे तर गुरुत्वमध्य सुमारे १.२ मीटर वर न्यावा लागतो. जवळपास एवढ्याच वेळात २०१९ च्या श्टुटगार्ट जागतिक स्पर्धेत तिने फ्लोअरवर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींच्या चौकोनात, दोन कोलांट्या आणि तीन पीळ (डोक्यापासून पायापर्यंतच्या अक्षाभोवतीचे फेरे) बसवले. कोलांटीचा संवेग जमिनीवरूनच घ्यावा लागतो. पीळ मात्र हवेतही निर्माण करता येतो. एक हात वर आणि दुसरा खाली झटकला की शरीर किंचित कलते आणि कोलांटीच्या संवेगाचा काही भाग पिळाकडे वळतो.

या गतीत आपण नेमके कोणत्या दिशेला आहोत, हे मेंदूला सतत कळावे लागते. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका, डोळे आणि स्नायू-सांध्यांकडून येणारे संदेश लहान मेंदू वर्षानुवर्षांच्या सरावाने जुळवत असतो. २७ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये हे जुळणे तुटले. व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन हात टेकून उडी घेण्याच्या साधनावर, अडीच पीळ ठरलेले असताना बाइल्सचा दीडच झाला आणि तिने उरलेल्या बहुतेक स्पर्धांतून माघार घेतली. जिम्नॅस्ट या अवस्थेला 'ट्विस्टीज' म्हणतात. हिंमत खचली, असे तेव्हा अनेकांनी म्हटले. ते अन्यायाचे होते, कारण दिशाभान हरपलेला खेळाडू मानेवर पडू शकतो. आठवडाभरात बीमवर, म्हणजे तोल सांभाळण्याच्या अरुंद तुळईवर, ती परतली, तीही पिळाविना बीमवरून उतरण्याचा क्रम योजून, आणि कांस्य घेऊन गेली.

पुढे २०२३ मध्ये अँटवर्प येथे तिने कमरेत वाकून, पाय सरळ ठेवून दुहेरी मागची कोलांटी व्हॉल्टवर केली. मुटक्यापेक्षा त्यात आघूर्ण जास्त असल्याने उसळीही तेवढीच जास्त लागते. पीळ त्यात नाही, पण पॅरिसमध्ये २०२४ साली व्हॉल्टच्या सुवर्णासाठी केलेल्या दुसऱ्या उडीत तो पुन्हा होता. फ्लोअरच्या अंतिम फेरीत तिची ताकद इतकी जास्त ठरली की, १२ मीटरच्या चौकोनाबाहेर पाऊल पडल्याबद्दल ०.६ गुण कापले गेले आणि ब्राझीलच्या रेबेका आंद्रादेपुढे ती ०.०३३ गुणांनी मागे राहिली.