सहाचा निरोप साडेचारला: क्रॉनपासून कंटेनरपर्यंतची पार्श्वभूमी

कळमन्याच्या संत्रा बाजारात माझ्या मामांची अडत आहे. मृग बहाराचा माल सुरू झाला की काटोल-नरखेडकडच्या बागायतदारांना आदल्या दिवशीचा भाव भल्या सकाळी कळायला हवा, म्हणजे तोडणी लावायची की दोन दिवस थांबायचं हे त्यांना ठरवता येतं. फेब्रुवारीत मी हा निरोप टेलिग्रामवर आपोआप जाईल अशी सोय केली. वेळ लावली सकाळी सहाची. पहिल्याच दिवशी निरोप पोहोचला दुपारी साडेचारला. मामांचा फोन आला, "काऊन रे, आता आला भाव? सकाळच्या गाड्या तर केव्हाच भरून गेल्या."

बिघाड कुठेच नव्हता. त्यासाठी मी एन-एट-एन हे, वेगवेगळ्या सेवा जोडून कामं आपोआप करणारं साधन स्वतःच्या सर्व्हरवर चालवतो. वेगळं काही सांगितलं नाही तर ते न्यूयॉर्कचं घड्याळ धरून चालतं. हिवाळ्यात तिथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा नागपुरात साडेचार झालेले असतात. सेटिंगमध्ये 'एशिया/कोलकाता' अशी एक ओळ घातली आणि दुसऱ्या दिवशी निरोप सहाला गेला. पण ठरलेल्या वेळी यंत्राने काम करावं, ही सोय मुळात आली कुठून, याचा शोध मी तेव्हापासून घेऊ लागलो.

ती बरीच जुनी आहे. युनिक्स ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली; तिच्या १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत क्रॉन नावाचा छोटा प्रोग्राम होता. मिनिट, तास, तारीख, महिना, वार अशा पाच रकान्यांची एक ओळ लिहायची, पुढे काम लिहायचं, बस्स. शून्य, सहा आणि तीन चांदण्या म्हणजे रोज सकाळी सहा. आजही एन-एट-एनमध्ये वेळ ठरवताना हीच ओळ चालते. एका कामातून निघालेलं दुसऱ्या कामात ओतायची युक्ती, म्हणजे पाइप, युनिक्समध्ये त्याच्याही आधी, १९७३ मध्ये आली होती. वेळ आणि जोडणी हे दोन्ही धागे तिथलेच. फक्त ते एकाच यंत्राच्या आत होते, आणि यंत्र ज्याचं, ताबाही त्याचा.

माहिती इंटरनेटवरच्या वेगवेगळ्या सेवांमध्ये पांगली, तेव्हा जोडणीही तिकडे गेली. २००७ मध्ये याहू पाइप्स आलं. पडद्यावर चौकोन मांडायचे, त्यांच्यात नळ्या जोडायच्या. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही हे जमू लागलं. पुढे अशाच जोडणीच्या सेवा आल्या, २०१० मध्ये इफ्ट, २०११ मध्ये झॅपियर. सोय मोठी होती, पण चाव्या दुसऱ्याकडे गेल्या. २०१५ मध्ये याहूने पाइप्स बंद केलं आणि लोकांनी वर्षानुवर्षं जोडलेल्या नळ्या तिथल्या तिथे थांबल्या. झॅपियरमध्ये दर कामागणिक मोजदाद होते. ऐन हंगामात शेकड्याने निरोप जाणाऱ्या अडतीला ते परवडणं कठीण. माझ्या मते स्वतःच्या सर्व्हरकडे वळण्याचं खरं कारण याच दोन गोष्टींत आहे.

चौकोन आणि तारा स्वतःच्या यंत्रावर परत आणल्या त्या नोड-रेडने. २०१३ मध्ये आयबीएममधल्या निक ओ'लिअरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स यांनी ते तयार केलं. सेन्सर आणि छोट्या यंत्रांच्या कामात ते आजही पक्कं आहे. २०१९ मध्ये बर्लिनच्या यान ओबरहाउजर यांनी एन-एट-एन सर्वांसमोर आणलं. मूळ नाव नोडमेशन. इंग्रजीत लिहिलं तर पहिल्या आणि शेवटच्या 'एन'मध्ये आठ अक्षरं येतात, म्हणून एन-आठ-एन. त्याचा कोड वाचता येतो, आपल्या धंद्याच्या कामाला फुकट वापरता येतो, पण तेच साधन होस्ट करून इतरांना विकता येत नाही. २०२२ पासूनचा त्याचा परवाना असा आहे. म्हणून काटेकोर अर्थाने त्याला मुक्तस्रोत म्हणू नये. बनवणारेच त्याला 'फेअर-कोड' म्हणतात.

आता कंटेनर, म्हणजे माझं एन-एट-एन सर्व्हरवर ज्या पेटीत चालतं ती. हे नाव आपल्या डोळ्यांसमोर आहे. नागपूरच्या कंटेनर डेपोत भरून सील केलेली पेटी रेल्वेने न्हावाशेव्याला जाते, जहाजावर चढते, वाटेत कोणी आतला माल हलवत नाही. १९५६ मध्ये माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल एक्स' जहाजाने नेवार्कहून ह्यूस्टनला अशा ५८ पेट्या नेल्या, तिथून हा व्यवहार वाढला. सॉफ्टवेअरला तशीच पेटी हवी होती. एका सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर नेला की त्याला लागणारी एखादी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, जुनी निघायची, एखादी सापडायचीच नाही.

त्या पेटीचं मूळही १९७९ च्याच युनिक्समध्ये आहे. एखाद्या प्रोग्रामला ठरावीक फोल्डरबाहेरचं दिसू न देणारी 'सीएचरूट' ही सोय त्यात होती. २००० मध्ये फ्रीबीएसडी या युनिक्सच्या वंशातल्या प्रणालीने प्रोग्रामला वेगळं कोंडणारं 'जेल' आणलं. २००६ मध्ये गुगलच्या अभियंत्यांनी कुणी किती मेमरी, किती प्रोसेसर वापरायचा याला लगाम घालणारं काम सुरू केलं. ते 'सीग्रुप्स' या नावाने २००८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात आलं. हे सगळं होतं, पण वापरायला जाणकारच लागायचा. मार्च २०१३ मध्ये सांता क्लारा इथल्या पायकॉन या पायथन भाषेच्या परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या भाषणात डॉकर हे कंटेनर बनवण्या-चालवण्याचं साधन दाखवलं आणि हे काम एका आज्ञेवर आलं. डॉकर म्हणजे गोदी कामगार. त्याच्या बोधचिन्हातला व्हेल पाठीवर पेट्याच वाहतो.

पेटीबद्दल एक गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो. कंटेनर टाकून द्यायची वस्तू आहे. नवी आवृत्ती आली की जुना काढायचा, नवा उभा करायचा. टिकवायचं ते सगळं बाहेर, व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनर गेला तरी राहणाऱ्या जागेत. मी पोस्टग्रेस डेटाबेसला व्हॉल्यूम दिलं, एन-एट-एनच्या स्वतःच्या फोल्डरला दिलं नाही. त्याच फोल्डरात, पहिल्यांदा सुरू होताना, ते एक किल्ली तयार करून ठेवतं. टेलिग्रामचं टोकन, शीटचा प्रवेश, सगळे पासवर्ड त्या किल्लीने कुलूपबंद होतात. आवृत्ती बदलली, जुना कंटेनर गेला, सोबत किल्लीही गेली. पडद्यावर सगळे चौकोन जागच्या जागी, तारा जोडलेल्या, आणि एकही पासवर्ड उघडेना. ऐन तोडणीच्या दिवसांत दोन सकाळी भाव गेला नाही. मामांनी चाळीस-एक बागायतदारांना एकेक फोन करून भाव सांगितला.

एक धागा राहिला. टेलिग्रामकडून आपल्या सर्व्हरकडे निरोप यायचा तर पत्ता एचटीटीपीएसचाच, म्हणजे सुरक्षित जोडणीचा, लागतो. त्यासाठीचं प्रमाणपत्र पूर्वी बहुधा विकत घ्यावं लागे. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या सेवेने ते सर्वांना फुकट खुलं केलं, नव्वद दिवसांच्या मुदतीचं. कॅडीसारखा वेब सर्व्हर प्रोग्राम ते आपोआप नवं करून घेतो. हे झालं नसतं, तर एकट्यादुकट्या माणसाने हा खटाटोप केला नसता, असं मला वाटतं.

मामांच्या अडतीत आता भावाच्या पुढचं काम चाललंय: हिशेबपट्टी. तीत बागायतदाराचं नाव, वजन, कपात, बँकेचा खातेक्रमांक असतो. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर ही माहिती कुठे पडून असते हे प्रत्येक धंदेवाल्याने विचारायला हवं. आमची आपल्याच डेटाबेसमध्ये आहे. रोज रात्री तिची प्रत दुसऱ्या यंत्रावर जाते. किल्ली मात्र त्या प्रतीसोबत जात नाही. ती आता सेटिंगमध्ये मी स्वतः लिहून देतो आणि तिची कागदावरची नक्कल मामांच्या तिजोरीत, तोलाईच्या जुन्या वह्यांखाली ठेवलेली आहे.