प्रकल्पाधारित अध्ययन (माध्यमिक विज्ञान)

एखादा खरा प्रश्न हाती घ्यायचा, स्वतः केलेल्या मोजमापांतून काही आठवडे त्याचे उत्तर शोधायचे आणि त्या ओघात अभ्यासक्रमातील संकल्पना शिकायच्या, अशी ही अध्यापनपद्धती आहे. चौदा ते अठरा वयोगटाच्या विज्ञानवर्गात एक प्रकल्प बहुधा चार ते आठ आठवडे चालतो. धडा शिकवून झाल्यावर घरून करून आणायची ज्वालामुखीची प्रतिकृती या व्याख्येत बसत नाही. तिथे शिकणे आधीच उरकलेले असते, प्रतिकृती ही वरची सजावट. दोन्हींना 'प्रकल्प' हा एकच शब्द वापरला जातो आणि या पद्धतीबद्दलच्या निम्म्या तक्रारी मुळात त्या सजावटीबद्दलच्या असतात.

'प्रकल्प' हा शब्द शिक्षणात आला तो वास्तुकलेच्या अकादमींतून. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांना इमारतींचे आराखडे स्पर्धेसाठी करावे लागत. अमेरिकी शिक्षणविचारवंत जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा-शाळा सुरू केली आणि कृतीतून विचार शिकवण्याचा आग्रह धरला. त्यांचे अनुयायी विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये प्रकल्प पद्धतीवर निबंध लिहिल्यावर ही कल्पना सर्वसाधारण शाळांपर्यंत पोहोचली. हिचे जवळचे भावंड म्हणजे समस्याधारित अध्ययन. ते १९६९ मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत सुरू झाले. त्यात समस्या शिक्षक देतात आणि शेवटी निदान किंवा तोडगा अपेक्षित असतो. प्रकल्पात शेवटी इतरांना दाखवता येईल, तपासता येईल असे काहीतरी तयार व्हावे लागते. प्रत्यक्ष वर्गात ही सीमारेषा पुसटच असते.

प्रश्नाची निवड

प्रकल्प ज्या प्रश्नाभोवती फिरतो त्याला चालक प्रश्न म्हणतात. प्रकल्प फसतो तो बहुतेक वेळा इथेच, फक्त ते कळते चौथ्या आठवड्यात. 'प्रदूषण कसे थांबवावे?' या प्रश्नावर गट इंटरनेटवरून उतारे जमवतो, तक्ते रंगवतो आणि एकही मोजमाप न करता प्रकल्प पूर्ण करतो. 'वर्गात शिक्षकांचा आवाज मागच्या बाकापर्यंत किती कमी होतो आणि खिडक्या बंद केल्यावर त्यात काय फरक पडतो?' या प्रश्नावर मात्र दुसऱ्याच दिवशी मोजपट्टी आणि ध्वनिमापक घेऊन उभे राहावे लागते.

प्रश्न पारखायची एक साधी रीत आहे. काय मोजणार, कोणत्या एककात, कशाने आणि आठवड्यात किती वेळा, ही चार उत्तरे गटाने एका ओळीत लिहून दाखवावीत. एकही अडले तर प्रश्न परत. पाचवी अट शिक्षकाने स्वतःपुरती ठेवावी : शिकवायची संकल्पना टाळून या प्रश्नाचे उत्तर देता येते का? येत असेल तर विद्यार्थी ती टाळणारच. अंडे न फुटता खाली उतरवण्याच्या प्रसिद्ध प्रकल्पात गट कापूस आणि फुगे वाढवत जातात, अंडे वाचते आणि संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आणि आवेग (बल गुणिले वेळ) यांचा उल्लेखही होत नाही. साहित्याच्या वजनाला मर्यादा घातली आणि थांबायला लागणाऱ्या वेळेचा हिशेब मागितला, की त्याच प्रकल्पात भौतिकशास्त्र येते.

एक प्रकल्प जवळून

'पाण्यातल्या मिठाचा बी रुजण्यावर काय परिणाम होतो?' हा प्रश्न परासरण, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी जास्त क्षार असलेल्या बाजूला ओढले जाणे, शिकवण्यासाठी वापरला जातो. मुळ्याचे बी सोयीचे, कारण उबदार खोलीत ते दोन-तीन दिवसांत मूलांकुर (मुळाचा पहिला कोंब) बाहेर टाकते. लिटरला १६ ग्रॅम मिठाचे मूळ द्रावण करून त्यातून १२, ८ आणि ४ ग्रॅमची द्रावणे पातळ करून घेतात. पाचवा, तुलनेसाठीचा नियंत्रण संच नुसत्या ऊर्ध्वपातित पाण्याचा. १२ ग्रॅमच्या १०० मिलिलिटरसाठी ७५ मिलिलिटर मूळ द्रावण आणि २५ मिलिलिटर पाणी. प्रत्येक द्रावणाच्या तीन बशा, प्रत्येक बशीत गाळणकागदाचे दोन थर, ५ मिलिलिटर द्रावण आणि २० बिया. एकूण १५ बशा आणि ३०० बिया.

कागदावर हे सरळ दिसते. पहिली चूक नावे लिहिण्यात होते. खुणा झाकणावर केलेल्या असतात, मोजणीसाठी झाकणे काढली जातात आणि परत ठेवताना त्यांची अदलाबदल होते. खूण बशीच्या तळाला करावी, एवढाच उपाय. दुसरी चूक अधिक खोल आहे. तिसऱ्या दिवशी कागद कोरडा दिसला की गट त्याच बाटलीतले खारे द्रावण पुन्हा घालतो. पण उडून गेले ते फक्त पाणी. मीठ बशीतच होते. द्रावण घातल्याने मीठ वाढत जाते आणि ८ ग्रॅमचा संच आठवडाअखेर ८ ग्रॅमचा राहत नाही. पहिल्या दिवशी प्रत्येक बशीचे वजन करून ठेवायचे आणि रोज ऊर्ध्वपातित पाणी घालून ते वजन भरून काढायचे, हे बरोबर. 'साधे पाणी घातले तर मीठ पातळ होणार नाही का?' असे कुणीतरी विचारतेच आणि त्या वादात संहती (ठरावीक द्रावणात किती मीठ) ही कल्पना जितकी पक्की होते तितकी फळ्यावरच्या दहा उदाहरणांत होत नाही.

मग 'रुजले' म्हणजे काय, हा प्रश्न. एक जण टरफल तडकले की मोजतो, दुसरी पांढरे टोक दिसले की. मूलांकुर २ मिलिमीटर झाला की रुजले, असे आधी ठरवून घ्यावे आणि मोजणारी व्यक्ती बदलू नये. मोजणी रोज ठरल्या वेळी हवी. केवळ सातव्या दिवशी मोजणाऱ्या गटाला ० आणि ४ ग्रॅमच्या संचांत फरकच सापडत नाही, कारण थोडे मीठ बी रुजणे थांबवत नाही, लांबवते. बाहेरच्या द्रावणामुळे बीला पाणी ओढून घेणे अवघड जाते, ते उशिरा फुगते. हा उशीर दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या नोंदींतच दिसतो. म्हणूनच बिया सोमवारी मांडाव्यात. गुरुवारी मांडल्या तर नेमके महत्त्वाचे दिवस सुट्टीत जातात आणि वहीत त्या जागी कल्पनेतले आकडे येतात.

शेवटी आकड्यांचा अर्थ. वीस बियांत एक बी म्हणजे ५ टक्के. रुजण्याचे खरे प्रमाण ८० टक्के असले तरी वीस बियांच्या एका बशीत निव्वळ योगायोगाने ९ टक्के इकडेतिकडे होणे नेहमीचे. साठ बियांत ही हालचाल ५ टक्क्यांवर येते. 'नियंत्रण संचात ८५ टक्के, ४ ग्रॅममध्ये ८० टक्के, म्हणजे मीठ हानिकारक' हा निष्कर्ष जवळपास प्रत्येक वर्गात कुणीतरी काढतेच. तीन बशांचे तीन आकडे आलेखावर सुटे मांडायला लावले, नुसती सरासरी नाही, की तो आपोआप ढासळतो.

भौतिकशास्त्रातला याच जातीचा प्रकल्प उष्णतारोधकांचा. एकसारख्या पेल्यांत प्रत्येकी २०० मिलिलिटर गरम पाणी, भोवती लोकर, कागद, फोम आणि दर दोन मिनिटांनी अर्धा तास तापमान. इथे सगळ्या गटांचे वक्र जवळजवळ एकावर एक पडतात आणि वर्ग हिरमुसतो. कारण पेल्याचे तोंड. बाजू कितीही गुंडाळल्या तरी उघड्या पृष्ठभागावरून बाष्पीभवनाने इतकी उष्णता जाते की बाजूंचा फरक त्यात बुडून जातो. झाकण ठेवताच वक्र वेगळे होतात. थंड होण्याचा वेग खोलीच्या तापमानाशी असलेल्या फरकावर अवलंबून असल्याने ७८ अंशांपासून सुरू केलेला पेला आणि ७२ अंशांचा पेला यांची थेट तुलनाही चालत नाही. तापमापी आधी वितळत्या बर्फात धरून तपासाव्यात. शाळेच्या पेटीतल्या दोन तापमापींत एक अंशाचा फरक निघाला तर नवल नाही.

विद्यार्थ्यांना येणारे अनुभव

पहिला आठवडा उत्साहाचा असतो, पण सर्वांचा नाही. लेखी परीक्षेत वरच्या क्रमांकात असणारे विद्यार्थी अनेकदा सर्वांत अस्वस्थ दिसतात. 'नक्की काय लिहायचे?', 'उत्तर बरोबर आहे का?' हे प्रश्न त्यांच्याकडून येतात, कारण आजवर ज्या कसबावर गुण मिळाले ते इथे पुरेसे पडत नाही. उलट वर्गात गप्प बसणारा एखादा मुलगा गळणारी नळी बसवून देतो आणि गटात त्याचे वजन वाढते. हा बदल टिकाऊ असतोच असे नाही, पण शिक्षकाने त्याची नोंद घ्यावी.

दुसरा-तिसरा आठवडा खड्ड्याचा. बुरशी येते, विजेरी उतरते, आकडे पुस्तकाप्रमाणे येत नाहीत. याच टप्प्यावर आकडे 'दुरुस्त' करण्याचा मोह होतो. अशा नोंदी ओळखू येतात. सगळे आकडे शून्याने किंवा पाचाने संपतात, तिन्ही वेळची मोजमापे तंतोतंत जुळतात, सुट्टीच्या दिवशीच्याही नोंदी त्याच शाईत असतात. दोष निव्वळ विद्यार्थ्यांचा नाही. गुण अपेक्षित निष्कर्षाला असतील तर अपेक्षित निष्कर्षच हाती येणार. शाईने लिहिलेल्या, चुकीवर एक रेघ मारून पुढे गेलेल्या कच्च्या नोंदींना गुण ठेवले की ही लबाडी बरीच कमी होते. मुख्य मोजमापांआधी दोन दिवसांची रंगीत तालीम घेतली, तर हा खड्डा लवकर येतो आणि भरून काढायला वेळ उरतो. तालमीविना थेट मोजमापांना लागलेल्या गटाला चूक कळते तेव्हा सादरीकरण परवावर आलेले असते.

सर्वांत कडवट तक्रार गटकामाची. 'काम मी केले, गुण सगळ्यांना.' सहा-सात जणांच्या गटात दोघे राबतात आणि बाकीचे ऐतखाऊ ठरतात. पण त्यांच्यातील काहींना हात लावायला वावच मिळालेला नसतो, हेही खरे. उपकरण एक आणि हात चौदा. तिघांचा गट उत्तम, चौघांचा चालतो. उपकरण हाताळणे, नोंद ठेवणे आणि हिशेब करणे या जबाबदाऱ्या दर आठवड्याला फिरवाव्या लागतात, नाहीतर सुवाच्य अक्षराच्या मुलीला सहा आठवडे फक्त लिहायला बसवले जाते. वाटणी मुलांवर सोडली की ती जुन्या सवयींप्रमाणेच होते.

सादरीकरणाची भीती मोठी, पण आठवणीत तेच राहते. बाहेरचा श्रोता असेल तर फरक पडतो. शिक्षकांना उत्तर माहीत आहे हे विद्यार्थी जाणून असतात, पाहुण्याला खरेच समजावून सांगावे लागते.

मूल्यमापन

गटाला एकच गुण देऊ नये. व्यवहारात निभावणारे एक वाटप असे : प्रश्न व आराखडा २०, कच्च्या नोंदी २५, विश्लेषण २५, सादरीकरण १०, वैयक्तिक चाचणी २०. चाचणीत दुसऱ्या गटाचे कच्चे आकडे द्यायचे आणि आलेख काढून दोन वाक्यांत निष्कर्ष व एक शंका लिहायला सांगायची. पंधरा मिनिटे पुरतात. ज्याने प्रकल्पात भाग घेतला आहे तो अडत नाही. सादरीकरणाला १० पेक्षा जास्त गुण ठेवले की शेवटचे दोन आठवडे चकचकीत स्लाइडमध्ये जातात.

पुरावे आणि वाद

२००६ मध्ये किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-संशोधकांनी कमी मार्गदर्शनाच्या पद्धतींवर कठोर टीका केली. नवशिक्याची कार्यस्मृती (एका वेळी मनात धरता येणारी माहिती) मर्यादित असते, एकाच वेळी पद्धत, साहित्य आणि संकल्पना यांच्याशी झुंजताना शिकायला जागा उरत नाही, असा त्यांचा मुद्दा. पुढच्याच वर्षी हमेलो-सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले की नीट बांधलेल्या प्रकल्पात मार्गदर्शन भरपूर असते. दोघांचेही म्हणणे वर्गात खरे ठरते. फक्त वर्ग वेगवेगळे असतात. अमेरिकेतील मिशिगन आणि कॅलिफोर्नियामधील शाळांत रसायनशास्त्र व भौतिकशास्त्राच्या प्रकल्पाधारित पाठांची यादृच्छिक (कोणाला कोणती पद्धत ते चिठ्ठीसारखे ठरवून केलेली) चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांत प्रकल्प गटाची संपादणूक सुमारे ०.२ प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्याच्या मापाने) जास्त निघाली. म्हणजे शंभरांत मधोमध असलेला विद्यार्थी साधारण आठ जागा पुढे. फरक छोटा आहे, पण शिक्षकांना तयार पाठ, साहित्य आणि प्रशिक्षण दिलेले असताना मिळालेला आहे, हे विसरू नये.

स्वातंत्र्य किती द्यावे यापेक्षा ते कुठे द्यावे हे महत्त्वाचे. मोजण्याची रीत, नोंदीचा तक्ता, सुरक्षेचे नियम घट्ट ठेवावेत. प्रश्नाचा शेवटचा भाग, चलाची (बदलून पाहायच्या गोष्टीची) निवड आणि निष्कर्षावरचा वाद मोकळा सोडावा. नेमके उलटे केले जाते : विषय शिक्षक ठरवतात आणि मोजायचे कसे ते मुलांवर सोडतात. सगळेच विषय या पद्धतीला सोसतही नाहीत. मोलची संकल्पना, भिंगांची चिन्हपद्धती, समीकरणे संतुलित करणे हे थेट शिकवून सराव देणेच स्वस्त पडते. वर्षाला दोन मोठे प्रकल्प झाले तरी वेळापत्रक ताणले जाते.

संपलेल्या प्रकल्पाच्या वह्या रद्दीत देऊ नयेत. पुढच्या वर्षीच्या वर्गाला जुन्या गटाचे आकडे देऊन 'यातली चूक शोधा आणि तो प्रयोग पुन्हा करा' एवढे सांगितले, तर प्रश्न निवडण्यात जाणारा आठवडा वाचतो. मुळ्याच्या बियांच्या वहीत झाकणांच्या अदलाबदलीची बशी शोधायला हुशार गटाला वीस मिनिटे लागतात : १६ ग्रॅमच्या एका बशीत १८ बिया रुजलेल्या, शेजारच्या दोहोंत तीन आणि चार.