काडतुसांची नोंदवही (क्रीडा नेमबाजी)

काडतुसांची नोंदवही : परवानाधारक नेमबाजाने काडतुसे किती आणली, किती झाडली, किती उरली आणि ती कोणत्या लॉटची (कारखान्यात एका खेपेला बनलेल्या मालाची) होती याचा ठेवलेला लेखी हिशेब. रीलोडिंग म्हणजे झाडलेल्या पितळी पुंगळीत नवी टोपी (बारूद पेटवणारा बुडाचा भाग), बारूद आणि गोळी बसवून ती पुन्हा वापरणे. ज्या देशांत नेमबाज हे काम घरी करतात तिथे या हिशेबाला भरणीच्या नोंदीची जोड मिळते. भारतात, आणि म्हणून इंदूरलाही, नोंदवहीचा मुख्य भाग जमाखर्चाचाच असतो.

याचे कारण कायद्यात आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ हा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ खालचा परवाना बंदूक आणि काडतुसे बाळगण्यापुरता असतो. काडतुसे बनवण्याची मुभा त्यातून मिळत नाही. बनवणे, विकणे, दुसऱ्याला देणे हे सारे कलम ५ मध्ये येते व त्याचा परवाना निराळा असतो. ‘दारूगोळा’ या संज्ञेची व्याख्याही रुंद आहे. काडतुसाचे सुटे भाग आणि काडतुसे तयार करण्याची यंत्रे तिच्यातच धरली आहेत, त्यामुळे टोप्यांचा डबा आणि हातदाब यंत्र एवढ्यावरही प्रश्न उभा राहू शकतो. विनापरवाना उत्पादनाची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी केली. परदेशी चलचित्रे पाहून घरच्या टेबलावर प्रयोग करू पाहणाऱ्याने हे कलम आधी वाचलेले बरे.

इंदूरला नेमबाजीचे वातावरण जुने आहे आणि त्याचा बराचसा भाग वर्दीतला आहे. सीमा सुरक्षा दलाची शस्त्रे व डावपेच शिकवणारी केंद्रीय शाळा आणि तिची रेवती रेंज इथलीच. जवळच्या महू छावणीत सेनेचे मार्क्समनशिप युनिट (अचूक नेमबाजीचे पथक) आहे. लंडन २०१२ मध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलात रौप्यपदक मिळवणारा विजय कुमार तेव्हा याच युनिटचा होता. राजवाड्यामागच्या किंवा रामबागेतल्या मराठी घरातला मुलगा मात्र बहुधा १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करतो. ०.१७७ इंचापर्यंतच्या बोअरची (नळीच्या आतल्या व्यासाची) आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेची हवेची बंदूक परवान्याच्या कक्षेत येत नाही, म्हणून त्याच्या छर्‍यांचा हिशेब कोणी मागत नाही. तो ०.२२ रायफलवर, सेंटर फायर (टोपी मध्यभागी असलेल्या काडतुसाच्या) पिस्तुलावर किंवा १२ बोअरच्या छर्‍यांच्या बंदुकीवर गेला की परवाना पुस्तिका हाती येते, आणि नोंदवहीची गरज तिथून सुरू होते.

परवान्यावर काडतुसांच्या दोन मर्यादा असतात : एका वेळी जवळ किती ठेवता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील. विक्रेता प्रत्येक विक्रीची नोंद परवान्यावर करतो, तारीख घालतो, सही करतो. म्हणजे जमेची बाजू सरकारी कागदावर आपोआप उमटते. खर्चाची बाजू नेमबाजाच्या स्वतःच्या वहीखेरीज कुठेच सलग नसते, आणि गोंधळ होतो तो याच बाजूला. वर्षभरात दोन हजार काडतुसे घेतली आणि घरात तीनशे सापडली, तर बाकीची सतराशे कुठे झाडली हे सांगण्याची जबाबदारी परवानाधारकावर येते. क्लबच्या रेंज-रजिस्टरातल्या सह्या मदतीला येतात, पण तारखांचा मेळ घालायला आपली वही लागतेच. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने नेमबाजांसाठी सरावाच्या काडतुसांचे वार्षिक प्रमाण बरेच वाढवले आणि नामवंत नेमबाजांना सवलतीच्या वर्गात बारापर्यंत शस्त्रे ठेवण्याची मुभा दिली. शस्त्रे अनेक झाली की प्रत्येक बोअरचे पान वेगळे हवे.

पानाची आखणी जुन्या कीर्दीसारखीच पुरते : तारीख, जमा, खर्च, शिल्लक, शेरा. जमेला विक्रेत्याचा बिल क्रमांक लिहावा, खर्चाला रेंजचे नाव आणि स्पर्धा की सराव ते. अवघड असते ते न उडालेल्या काडतुसाचे. टोपीवर पिनेचा ठसा पडला, पण बार झाला नाही, असे काडतूस खर्चातही धरता येत नाही आणि शिल्लकेतही. रेंज अधिकाऱ्याच्या ताब्यात दिले तर तसा शेरा लिहून ते वजा करावे. खिशात घालून घरी नेलेले असे काडतूस हिशेबाला वाईट आणि सुरक्षिततेला त्याहून वाईट. क्लबने आपल्या नावावर घेऊन रेंजवर वापरायला दिलेली काडतुसे व्यक्तिगत वहीत जमा करू नयेत. मित्राला ‘पन्नासची पेटी दे, पुढच्या आठवड्यात परत करतो’ ही पद्धत तर दोघांनाही अडचणीत आणते. उसनवार दिलेले काडतूस हे कायद्याच्या दृष्टीने हस्तांतरण असते.

रीलोडिंगची वही या सगळ्याहून निराळ्या स्वभावाची. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची तर लागतो. जर्मनीत त्यासाठी स्फोटक कायद्याच्या कलम २७ खाली परवानगी काढावी लागते. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने टोप्यांच्या विक्रीवर बंधन आले. या देशांतले लांब पल्ल्याचे नेमबाज भरणीच्या प्रत्येक खेपेला एक ओळ देतात : कोणत्या बंदुकीसाठी, गोळी कोणत्या बनावटीची व किती वजनाची, बारुदाचे नाव आणि लॉट, त्याचे वजन, टोपी, पुंगळी कितव्यांदा वापरली, काडतुसाची एकूण लांबी, आणि मूळ आकडा कोणत्या प्रकाशित तक्त्यातला. वजन ग्रेनमध्ये लिहितात; एक ग्रॅम म्हणजे सुमारे १५.४३ ग्रेन. एकक न लिहिता नुसता आकडा टाकणे ही या वहीतली सर्वांत धोकादायक चूक होय.

लॉटचा आग्रह उगाच नसतो. एकाच नावाच्या बारुदाचा जळण्याचा वेग लॉटागणिक थोडा बदलतो. कोणताही घटक बदलला की जुना आकडा आंधळेपणाने चालवत नाहीत, तक्त्यातल्या सुरुवातीच्या प्रमाणावर परत जातात. पितळ प्रत्येक बाराला ताणले जाते, म्हणून पुंगळीच्या फेऱ्या मोजतात आणि मानेला चीर दिसली की ती काढून टाकतात. ज्या डब्यावर चिठ्ठी नाही त्यातली काडतुसे कोणी झाडत नाही; ती उकलून मोडीत काढतात. बारानंतरच्या रकान्यांत क्रोनोग्राफने मोजलेला वेग, त्याचे विचलन, लक्ष्यावरचा गट (छिद्रे एकमेकांच्या किती जवळ पडली ते) आणि तापमान येते. तापमानाने बारुदाचा दाब व वेग बदलतो. इंदूरला मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि जानेवारीतल्या सकाळी दहाच्या आसपास असतो, एवढी तफावत ध्यानात घेतली तर तो रकाना का हवा ते समजते.

इंदूरच्या नेमबाजाने या दुसऱ्या वहीतून घेण्याजोगे ते हेच : तयार काडतुसांचाही लॉट लिहिणे. ०.२२ काडतुसात ठिणगीचे मिश्रण टोपीत नसून कडेच्या घडीत असते, त्यामुळे ते व्यवहारात पुन्हा भरले जात नाही आणि रीलोडिंगचा प्रश्नच येत नाही. पण त्याच बनावटीचे दोन लॉट एका रायफलीतून वेगळे गट देतात, म्हणून मोठ्या स्पर्धेआधी नेमबाज आपल्या नळीला मानवणारा लॉट निवडून तो साठवतात. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची १२ बोअरची काडतुसे वापरणाऱ्यांनीही पेटीवरचा क्रमांक उतरवून घेतला, तर तक्रार करताना काही आधार राहतो. क्ले-लक्ष्याच्या (हवेत उडवलेल्या चकत्या फोडण्याच्या) ऑलिंपिक प्रकारांत छर्‍यांचे वजन २४ ग्रॅम ठरलेले असल्याने तिथे तोही आकडा लिहितात.

वही शस्त्राच्या कपाटात ठेवू नये. चोरी झाली तर दोन्ही एकदम जातात आणि फिर्यादीत नेमका आकडा देता येत नाही. वर्षाअखेरीस प्रत्यक्ष मोजणी करून शिल्लक जुळवावी. २०१९ नंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली, तेव्हा नूतनीकरणाच्या वेळी पाच वर्षांचे खर्चपान हाताशी असणे सोयीचे पडते. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्रे ठाण्यात जमा करण्याचा आदेश निघतो. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या (स्थापना १९५१) स्पर्धक सदस्यांना त्यातून सूट मिळू शकते. सूट मागताना सराव चालू असल्याचा पुरावा म्हणून हीच पाने दाखवता येतात. सूट नाही मिळाली, तर बंदुकीसोबत किती काडतुसे दिली ते पावतीवर लिहून घ्यावे आणि परत घेताना तोच आकडा पुन्हा जमेला टाकावा.