गिटारीखाली दडलेलं बोलणं

जानेवारी 1969. लंडनच्या ट्विकनहॅम फिल्म स्टुडिओत बीटल्स या इंग्लिश बँडचे चौघे नवी गाणी बांधत होते आणि समोर दिग्दर्शक मायकल लिंडसे-हॉगचे कॅमेरे चालू होते. चौघांत कुरबुरी होत्या. खासगी काही बोलायचं झालं की ते गिटार जोरजोरात छेडत राहायचे, म्हणजे टेपवर बोलणं उमटलं तरी कुणाला कळू नये. ही युक्ती पन्नास वर्षं टिकली.

त्या महिन्याचं सुमारे 60 तासांचं चित्रीकरण आणि 150 तासांचं ध्वनिमुद्रण दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या हाती आलं. त्यातून 2021 साली ‘गेट बॅक’ हा जवळजवळ आठ तासांचा माहितीपट झाला. गोव्यातल्या फोंड्यात पावसाच्या तीन रात्री जागून मी तो पाहिला. एका प्रसंगाशी पुन्हा पुन्हा थांबलो. जॉन लेनन अजून यायचाय, जॉर्ज हॅरिसन जांभया देतोय आणि पॉल मॅकार्टनी बास गिटारवर एकच ठेका घासत बसलाय. तोंडाने नुसतेच स्वर, शब्द नाहीत. बघता बघता त्यातून ‘गेट बॅक’ची चाल डोकं वर काढते. गाणं जन्मताना इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं.

पण त्या टेपा मोनो होत्या. आवाज, गिटार, ड्रम, खुर्चीची करकर, सगळं एकाच पट्टीवर. दोन संख्यांची बेरीज 7 आहे, तर त्या संख्या कोणत्या? नुसत्या बेरजेवरून सांगता येत नाही. मोनो टेपमध्ये क्षणाक्षणाला हेच कोडं असतं. ते सुटतं कोणता आवाज कसा असतो या आधीच्या ओळखीवर. गिटारीची तार 220 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 220 कंपनांवर, छेडली की तिच्यासोबत 440, 660 असे पटीतले स्वरही उमटतात. सुरुवात ठसठशीत, मग हळूहळू विरत जाणं. माणसाचा गळा स्वरावरून स्वरावर घसरतो, थरथरतो. ड्रमचा घाव क्षणभरात सगळ्या कंप्रतांवर पसरतो आणि संपतो. काळ आडवा आणि कंप्रता उभी धरून आवाजाचं चित्र काढलं, त्याला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात, की हे फरक डोळ्यांना दिसू लागतात.

संगणकाला हेच शिकवतात. सुटे गळे आणि सुटी वाद्यं मुद्दाम एकत्र करून त्याच्यापुढे ठेवायची. चित्राच्या प्रत्येक चौकटीत गळा किती, तार किती, याचा तो अंदाज करतो. खरं उत्तर आपल्याकडे असतंच, चुकलं की दुरुस्ती. असं हजारो वेळा. जॅक्सनच्या चमूने आपल्या यंत्रणेला ‘माल’ म्हटलं, बीटल्सचा सोबती माल इव्हान्सच्या आठवणीने. गिटार बाजूला सरली आणि खाली दडलेलं बोलणं वर आलं. याच तंत्राने लेननच्या जुन्या कॅसेटवरचा त्याचा गळा पियानोपासून सुटा झाला आणि 2023 मध्ये ‘नाऊ अँड देन’ हे गाणं निघालं.

आमच्या माशेलच्या घरी चवथीच्या आरत्यांची एक कॅसेट आहे. आजोबा गातात, भोवती मडक्यावर चामडं ताणून केलेलं घुमट, शामेळ हे तालवाद्य आणि कांसाळें म्हणजे झांजा. मी ती अशाच एका फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढली. त्याला चारच कप्पे ठाऊक होते: गळा, ड्रम, बास आणि उरलेलं. घुमटाच्या चामड्यावरची थाप ड्रममध्ये गेली, मडक्यातली घुमणारी हवा बासमध्ये. एका वाद्याची दोन शकलं! कांसाळ्यांची किणकिण तर आजोबांच्या गळ्यालाच चिकटून राहिली. कारण उघड आहे. ही सॉफ्टवेअर प्रामुख्याने पाश्चात्त्य गाण्यांवर शिकलेली, घुमट त्यांनी कधी ऐकलेलंच नाही. 2019 मध्ये गोव्याने घुमटाला वारसा वाद्याचा मान दिला. आता घुमट, शामेळ, कांसाळें वेगवेगळ्या मायक्रोफोनवर मुद्रित करून ठेवायला हवीत, जाणती हात-बोटं आहेत तोवर. त्याशिवाय यंत्राला शिकवायचं कशावर?

तरी एक गोष्ट हाती लागली. दोन आरत्यांच्या मधे, कुणीतरी घुमटावर हात चालवत असताना, त्याखालून आजोबांचा आवाज आला. पुढच्या आरतीचा ठेका ते तोंडाने सांगत होते आणि मग कोंकणीत म्हणाले, “मातशें सवकास रे!” जरा सावकाश रे!