चर्चा घेतली की पोर्शन राहतो?

‘वर्गात चर्चा घेत बसलं की पोर्शन राहतो, आणि मुलांनाही ते नको असतं’ हे कोकणातल्या कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं ऐकू येतं. पहिला भाग चूक, दुसरा अर्धाच खरा.

अख्खा तास चर्चेला द्यायचा नसतोच. 48 मिनिटांत एक प्रश्न, सात-आठ मिनिटं पुरे. उदाहरणार्थ, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आज सकाळी 10 ला भरती. उद्या साधारण किती वाजता? 9:10, 10 की 10:50? मिनिटभर एकट्याने विचार, मग पर्यायाच्या क्रमांकाइतकी बोटं छातीशी धरून उत्तर, म्हणजे कोणी कोणाचं बघत नाही. 30 ते 70 टक्के बरोबर असतील तरच शेजाऱ्याशी तीन मिनिटं चर्चा आणि पुन्हा मत. त्याहून कमी असतील तर आधी पुन्हा शिकवा, जास्त असतील तर पुढे चला. फसतं ते एकाच ठिकाणी: सरांनी ‘10:50’ आधीच सांगून टाकलं की मुलं गप्प. बाकं ठोकलेली असली तरी अडत नाही, मागे वळलं की झालं.

विज्ञान, अभियांत्रिकी, गणिताच्या 225 अभ्यासांच्या 2014 मधल्या एकत्रित विश्लेषणात निव्वळ व्याख्यानांच्या वर्गात सुमारे 34 टक्के नापास झाले, कृतीयुक्त, म्हणजे मुलं स्वतः विचार-चर्चा करतात अशा वर्गात 22.

मुलांची कुरकुर मात्र खरी. हार्वर्डच्या 2019 मधल्या प्रयोगात कृतीयुक्त वर्गातल्या मुलांना कमी शिकल्यासारखं वाटलं, चाचणीत गुण जास्त पडले. हे पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगून टाका.