‘हित्ती’ म्हणजे नेमके कोण?

बायबलच्या जुन्या करारात हित्ती लोक वारंवार भेटतात. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायात कनानच्या मुलांमध्ये हेथचं नाव येतं. त्याचे वंशज ते हित्ती. सारा वारल्यावर तिला पुरण्यासाठी अब्राहाम मकपेलाची गुहा विकत घेतो, तीही एफ्रोन हित्तीकडून, 400 शेकेल (वजनाचं एक माप) चांदी तोलून देऊन. दाविदाने ज्याला कपटाने मारवलं, तो बथशेबेचा नवरा उरीयाही हित्तीच.

एवढ्यावरून ही कनानातली एखादी छोटी जमात वाटते. पण राजांच्या दुसऱ्या पुस्तकात अरामी सैन्य भलताच आवाज ऐकतं, इस्राएलच्या राजाने हित्ती आणि मिसरी (इजिप्तचे) राजे भाड्याने आणले असं समजतं आणि छावणी टाकून पळतं. मिसरच्या जोडीने ज्यांची धास्ती घ्यावी, ते छोटे कसे असतील?

उत्तर 1906 मध्ये तुर्कस्तानातल्या बोगाझकोय गावी मातीखालून निघालं. ह्युगो विंकलर आणि थिओडोर माक्रिदी यांच्या उत्खननात कीलाक्षरांतल्या (खिळ्यासारख्या खुणांच्या लिपीतल्या) हजारो मृत्तिकापट्ट्या सापडल्या. ही खत्ती साम्राज्याची राजधानी खत्तुशा होती. (नावातला ‘ख’ हिब्रूतून आपल्याकडे येईतो ‘ह’ झाला.) याच साम्राज्याने इ.स.पू. 1259 च्या सुमारास मिसरच्या दुसऱ्या रामसेस राजाशी तह केला होता. 1915 मध्ये बेद्रिख ह्रोज्नी यांनी त्यांची भाषा उलगडली आणि ती निघाली संस्कृतच्या कुळातली. पाण्याला त्यांचा शब्द ‘वातार’, आपल्या ‘उदका’चा दूरचा भाऊबंद. तिथल्याच एका तहात मितान्नी राज्याचे साक्षीदार देव म्हणून मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य यांची नावं आहेत. ऋग्वेदातले देव थेट अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, या गोष्टीचं मला आजही अप्रूप वाटतं.

नावाची गुंतागुंत मात्र इथेच सुरू होते. ‘खत्ती’ हे त्या भूमीचं नाव या साम्राज्यवाल्यांच्याही आधीचं. तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा अगदीच वेगळी, या कुळाशी नातं नसलेली. नंतर सत्तेवर आलेल्यांनी स्वतःला ‘खत्ती देशाचे लोक’ म्हणवलं, भाषेला मात्र नेशा या शहरावरून ‘नेशिली’ म्हटलं. म्हणजे नाव आधीच उसनं होतं.

इ.स.पू. 1200 च्या आसपास साम्राज्य कोसळलं, नाव मागे राहिलं. उत्तर सीरियात कार्केमिशसारखी राज्यं तो वारसा सांगत राहिली. अरामी सैन्य घाबरलं ते अशाच राजांना. पुढे अश्शूरी लोक सीरिया आणि पॅलेस्टाइनच्या सगळ्या पट्ट्यालाच ‘खत्ती’ म्हणू लागले. त्यामुळे एफ्रोनला थेट अनातोलियाशी जोडण्याची घाई करू नये असं माझं मत आहे. त्याचं आणि त्याचा बाप सोहर याचं, दोन्ही नावं सेमिटिक, म्हणजे हिब्रूच्या कुळातल्या भाषांच्या वळणाची आहेत. काही अभ्यासक तिथे खऱ्याखुऱ्या स्थलांतरितांची शक्यता मांडतात, पण या नावांवरून तरी तसं दिसत नाही.

इ.स.पू. 597 च्या वेढ्याची नोंद करताना बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बखरीत लिहिलंय की राजा ‘खत्ती देशात’ गेला आणि त्याने यहूदाच्या नगरापुढे, म्हणजे यरुशलेमेपुढे, तळ दिला. त्या वेढ्यानंतर बाबेलला नेलेल्या बंदिवानांतला यहेज्केल संदेष्टा यरुशलेमेलाच सुनावतो, की तुझा बाप अमोरी आणि तुझी आई हित्ती होती.